तीन दिवसांच्या गोळ्या

पांढुर्णा,
मंगळवार, दि. २६ ऑगस्ट २०२५

चि. डिंपल,

आशीर्वाद. एक वर्ष नऊ महिन्यांनंतर तुला लिहीत आहे. तू माझे फोन घेत नाहीस आणि ते घ्यावेस अशी विनंती या पत्रात नाही. टपालाला चार-पाच दिवस लागतात, म्हणून हाताने लिहून कागदाचा फोटो मोबाईलवर पाठवतो. विषय तुझ्या अभ्यासाचा आहे, घरगुती नाही.

आपल्या औषधांच्या दुकानात नेहमी येणाऱ्या एका गृहस्थांच्या घरी आजार आहे. रुग्ण स्त्री, वय बावन्न. थंडी वाजून एकशे तीनपर्यंत ताप, उजव्या कुशीत दुखणे. आरंभी लघवीला जळजळ होती, ती आता नाही. दवाखान्यात लघवीचे कल्चर केले. आज अहवाल आला, त्यात कोणताही जंतू उगवलेला नाही. ताप मात्र जसाच्या तसा आहे. या गृहस्थांचे दोन प्रश्न आहेत. जंतू शरीरात असूनही तपासणीत न सापडणे शक्य आहे काय? आणि औषध पोटात जाऊनही जंतूवर न चालणे शक्य आहे काय?

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. औषधांची नावे, मुदती आणि खोकी मला ठाऊक. जंतूच्या आत काय चालते ते ठाऊक नाही. जिवाणूच्या पेशीपटलातून पदार्थ आत-बाहेर कसे नेले जातात यावरच तू पुण्यात संशोधन करतेस, असे तुझी आई सांगते. म्हणून तुला विचारले. उत्तर सवडीने दिलेस तरी चालेल. फार उशीर मात्र करू नयेस.

तुझी आई सौंसरला मोरेश्वरमामाकडे गेली आहे. तिथे रेंज नीट नसल्याने दोन-तीन दिवस तुमचे बोलणे झाले नसेल. काळजीचे कारण नाही.

तुझे वडील,
दिलीप


सौंसर,
गुरुवार, दि. २८ ऑगस्ट

चि. डिंपल,

तुझे उत्तर काल रात्रीच आले. आज सकाळपासून चार वेळा वाचले. त्याखाली तू वेगळी ओळ लिहिलीस, की पत्राच्या कागदामागून एका दवाखान्याचे छापील नाव उलटे दिसते आहे, तर हा रुग्ण कोण? मी कागद पारखून घेणारा माणूस, आणि हीच गोष्ट पाहायची राहिली. केस पेपरच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिले होते. वर ‘पांढुर्णा’ घातले, पण बसलो होतो सौंसरला.

होय. ती स्त्री तुझी आई आहे.

रविवारी सकाळी तिला इथे भरती केले. इथल्या डॉक्टर अमिता मॅडम स्त्री आहेत, त्यामुळे आईला संकोच वाटत नाही. शिवाय मामाचे घर पाच मिनिटांवर आहे. पांढुर्ण्यात सोय नव्हती असे नाही, परंतु हे अधिक बरे वाटले. तुला कळवू नका असे आईनेच सांगितले होते. ‘तिचा प्रबंध लिहून होऊन राहिला, तिले कायले उगाच,’ हे तिचे शब्द.

तू लिहिलेले मला जसे समजले तसे मांडतो; चुकले असल्यास दुरुस्त कर. या जिवाणूला दोन पटले असतात आणि त्यांच्यामध्ये चिंचोळी जागा. बाहेरच्या पटलात प्रथिनांच्या बारीक नळ्या असतात. साखर, क्षार आणि त्यांच्याबरोबर आपले औषधही तिथून आत शिरते. आतल्या पटलातली प्रथिने अधिक चोखंदळ. प्रत्येक जण आपला ठरलेला पदार्थ ओळखून तोच आत घेतो आणि त्यासाठी शक्ती खर्च करतो. तिसरा प्रकार बाहेर टाकणारा, ज्याला तुम्ही पंप म्हणता. तो आतल्या पटलापासून बाहेरच्या पटलाच्या पार सलग उभा असतो. बाहेर दाटलेले प्रोटॉन आत येऊ पाहतात. त्यांना वाट देऊन त्यांच्या जोरावर तो औषध बाहेर फेकतो. हा पंप मुळात औषधासाठी झालेलाच नाही, आतड्यातले पित्त बाहेर काढायला तो पूर्वीपासून होता, हे वाचून मला विशेष वाटले. आणि तो एकाच पदार्थाला ओळखतो असेही नाही. निरनिराळ्या जातींची औषधे त्याच एका वाटेने काढून देतो. औषधाचा मारा अर्धवट झाला की ज्या जंतूंत पंप जास्त, तेच मागे उरतात आणि वाढतात. काही तर आत येणाऱ्या नळ्याही कमी करतात. शेवटी तू लिहिलेस, ‘तुमच्या भाषेत सांगायचं तर बाबा, आवक आवळायची आणि जावक वाढवायची.’ या वाक्यात ‘बाबा’ हा शब्द आला, तो वाचला.

आता प्रकृतीचे. प्लेटलेट्स अठ्ठ्याऐंशी हजारांवर आल्या आहेत. गावात डेंग्यूची साथ आहे. डेंग्यूची पहिली चाचणी निगेटिव्ह आली तरी मॅडमना संशय त्याचाच आहे. रविवारी त्यांनी लिव्होफ्लॉक्सासिनचे इंजेक्शन सुरू केले होते. मंगळवारी कल्चर स्वच्छ आल्यावर ते बंद केले. आता फक्त सलाईन आणि तापाची गोळी. पूर्वीच्या औषधांची चौकशी डॉक्टरांनी केली. ती झाली.

मोरेश्वर दिवसातून तीनदा घरून चहाचा थर्मास घेऊन येतो. काल पूर्ण वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, ‘काय भाऊजी, साऱ्या पांढुर्ण्याचा बुखार तुम्ही उतरवता, आन् घरचा काहून उतरून नाई राहिला? माल जुना हाय का?’ बाजूच्या खाटेवरची म्हातारी हसली. तुझी आईही हसली, आणि मग तिने कुशीवर हात दाबून धरला.

आज गणपतीचा दुसरा दिवस. घरी शेजारच्यांनी बसवून दिला आहे.

बाबा


सौंसर,
शुक्रवार, दि. २९ ऑगस्ट

चि. डिंपल,

तुझा निरोप एका ओळीचा आहे: ‘आईला भरती करण्याआधी कोणती अँटिबायोटिक दिली होती? नाव, दिवस, वेळ.’

सकाळी सहा वाजता ताप १०२.८, नाडी ११८, रक्तदाब ९६ वर ५८. दहा वाजता ताप १०३.१, रक्तदाब ९२ वर ५४. लघवी कमी झाली आहे. पायांना किंचित सूज आहे. मॅडम म्हणाल्या, सलाईन वाढवू आणि उद्या सकाळपर्यंत फरक नसेल तर नागपूरला हलवू. नागपूर दीड-दोन तासांचे आहे. रस्त्यात रक्तदाब आणखी उतरला तर काय, हे मी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

दुपारी तुझी आई थोडी बडबडली. ‘रविवारी महालक्ष्म्या येऊन राहिल्या, आन् मी इथं लोळून राहिली. मुखवटे माळ्यावर हाय. खालच्या खोक्यात पाहा, वरच्यात नाई.’ मी म्हटले, पाहतो. ‘तुम्ही नाई पाहत. तुम्ही तं लिहून ठेवता फक्त.’ नंतर तिला झोप लागली. ही झोप आहे की ग्लानी, ते मला ओळखता येत नाही. दर दहा मिनिटांनी हाक मारतो. तिसऱ्या हाकेला ती ‘अं’ म्हणते. मघाशी चौथ्या हाकेला म्हणाली.

तुझ्या प्रश्नाबाबत: केस पेपरवर त्या रकान्यात ‘नाही’ अशी नोंद आहे.

मॅडमनी रविवारी विचारले तेव्हा मी काउंटरवर फॉर्म भरत उभा होतो. त्या घाईत होत्या. प्रश्नही घाईचाच होता.

बाबा


सौंसर,
शनिवार, दि. ३० ऑगस्ट, सकाळी ८.२०

डिंपल,

तुझा निरोप पहाटे पाच वाजून अकरा मिनिटांनी आला. तो मी इथे पुन्हा उतरवून काढतो, कारण उतरवल्याशिवाय माझ्या डोक्यात काही बसत नाही.

‘लघवीत हे औषध रक्तापेक्षा कितीतरी पट साचतं. तिथं पंप कितीही चालले तरी पुरे पडत नाहीत. जंतू दबतो, कल्चर रिकामं येतं. मूत्रपिंडाच्या आत मात्र तेवढं औषध पोचत नाही. तिथं पंप पुरून उरतो. म्हणजे रिपोर्ट स्वच्छ आणि ताप चालू, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. फक्त सॅम्पल घेण्याआधी कुणीतरी गोळी दिलेली असली पाहिजे. बाबा, कुणी दिली?’

मी दिली.

नाव, दिवस, वेळ तू मागितलीस. सिप्रोफ्लॉक्सासिन, पाचशे मिलिग्रॅम. गुरुवार, २१ तारखेपासून सकाळ-संध्याकाळ एकेक. शुक्रवारी पोळा होता. अंगात ताप असताना तिने पुरणाचा स्वयंपाक केला आणि जळजळ थांबल्याचे मला सांगितले. शनिवारी गोटमार. तुला माहीत आहे त्या दिवशी आपल्या दुकानाची काय अवस्था असते; सावरगावचे आणि पांढुर्ण्याचे, एकमेकांच्या दगडांनी डोकी फुटलेले दोन्हीकडचे लोक पट्ट्या आणि टिंक्चर मागत उभे. रात्री घरी आलो तेव्हा ती थंडीने कापत होती. रविवारी सकाळी सहा चाळीसला शेवटची गोळी दिली. लघवीचे सॅम्पल सव्वानऊला घेतले.

ही वर्षभरातली चौथी खेप. पहिली गेल्या दिवाळीनंतर, दुसरी संक्रांतीच्या आठवड्यात, तिसरी एप्रिलमध्ये. आधीच्या प्रत्येक वेळी सहा गोळ्या, तीन दिवसांच्या. एप्रिलमध्ये चारच, कारण दुसऱ्या दिवशी तिला बरे वाटले आणि उरलेल्या दोन मी परत ड्रॉवरमध्ये ठेवल्या. डॉक्टरांची चिठ्ठी एकदाही नव्हती. प्रत्येक खेपेला जे जंतू उरले ते मी निवडून ठेवले, हे मला आता तुझ्या वाक्यांवरून कळते. त्यानंतर मॅडमनी दोन दिवस जे इंजेक्शन दिले, ते याच औषधाच्या घराण्यातले. मी खरे सांगितले असते तर त्यांनी ते निवडलेच नसते.

पावणेदोन वर्षांपूर्वीचा तो दिवाळीचा दिवस तुला आठवत असेल. मला शब्दशः आठवतो. तिगावची एक बाई म्हणाली, ‘तीन दिवसाच्याच द्या भाऊ, जास्त नको.’ मी स्ट्रिप कापायला कात्री उचलली आणि तू ती माझ्या हातातून काढून घेतलीस. म्हणालीस, ‘काकू, पूर्ण घ्या, नाहीतर घेऊच नका, आधी डॉक्टरांना दाखवा.’ ती म्हणाली, ‘अवं माय, आता कैची बी शिकेल लोकाइले इचारून चालवा लागते का?’ सगळे हसले. मला ते हसणे झोंबले. सहा गिऱ्हाइकांसमोर मी तुला म्हणालो, की पुण्यात जंतू पाळायला शिकलीस म्हणून बापाला धंदा शिकवू नकोस. तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस. मी त्या बाईला गोळ्या कापून दिल्या.

मी औषध विक्रेत्यांच्या संघटनेचा सचिव आहे. ‘डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळणार नाही’ ही पाटी आपल्या दुकानात माझ्या अक्षरात लागलेली आहे. दुकानाचा परवाना आपल्याकडे काम करणाऱ्या प्रवीणच्या फार्मसिस्ट नोंदणीवर चालतो; माझ्यामुळे त्याच्या नोंदणीवर गदा येऊ शकते. पांढुर्ण्यातला प्रत्येक डॉक्टर मला ओळखतो आणि प्रत्येकाने पहिला प्रश्न हाच विचारला असता, ‘दिलीपभाऊ, घरी काय देऊन पाहिलं?’ म्हणून मी तिला सौंसरला आणले. स्त्री डॉक्टरचे कारण खरे आहे, पण ते नंतर सुचलेले आहे.

मॅडम अकरा वाजता राउंडला येतात. आत्ता रक्तदाब ८८ वर ५० आहे. अकरापर्यंत थांबणे बरोबर नाही, असे हे लिहिताना लक्षात येत आहे. त्या दवाखान्याच्या मागेच राहतात. जातो.


सौंसर,
शनिवार, दि. ३० ऑगस्ट, दुपारी ४.००

डिंपल,

सांगितले.

मॅडम अंगणात तुळशीला पाणी घालत होत्या. मला पाहून म्हणाल्या, ‘काय झालं काका, बीपी उतरलं का?’ मी म्हटले, उतरलेच आहे, पण मी एक चूक सांगायला आलो आहे. मग तुला लिहिले तसेच, त्याच क्रमाने सांगितले. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

‘सॅम्पलच्या आधी कधी?’

‘अडीच तास. सहा चाळीसला.’

‘आणि मी तुम्हाला विचारलं होतं.’

‘हो.’

‘तुम्ही नाही म्हणालात.’

‘हो.’

‘काका, चार दिवस मी डेंग्यू शोधून राहिली ना.’ त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरे झाले असते.

त्यानंतर त्या कामाला लागल्या. सोनोग्राफी पुन्हा केली. उजवे मूत्रपिंड सुजलेले आहे, पू साचलेला नाही. रक्ताचे आणि लघवीचे नवे कल्चर घेतले. तू ज्या औषधांची नावे लिहून पाठवली होतीस तो फोटो मी त्यांना दाखवला. त्यांनी वाचला आणि विचारले, ‘ही कोण?’ मी म्हटले, मुलगी. ‘मग हिला आधी विचारायचं होतं ना.’

त्यांतले मेरोपेनेम द्यायचे ठरले, पण ते इथे शिल्लक नव्हते. मी प्रवीणला फोन केला. त्याने आपल्या दुकानातल्या कुप्या थर्माकोलच्या डब्यात भरून सौंसरच्या बसच्या कंडक्टरकडे दिल्या. या वेळी मॅडमची चिठ्ठी मी आधी त्याला मोबाईलवर पाठवली. बस अकरा पन्नासला आली. मी साडेदहापासून स्टँडवर उभा होतो. पहिला डोस बारा वाजून पाच मिनिटांनी गेला.

परत आलो तेव्हा मोरेश्वर दारात थर्मास घेऊन उभा होता. त्याला नर्सकडून कळले होते. मला वाटले, तो ओरडेल, कारण तो ओरडणारा माणूस आहे. त्याने थर्मासचे झाकण घट्ट केले. मग म्हणाला, ‘भाऊजी, सहा दिवस झाले, मी तुमाले चहा पाजून राहिलो.’ एवढेच. थर्मास खिडकीत ठेवला आणि बाहेर बाकावर जाऊन बसला. दुपारचा चहा त्याने मला दिला नाही.

ताप सध्या १०३. औषध लागू पडते की नाही हे कळायला दोन दिवस लागतील, असे मॅडमनी नर्सला सांगितले, माझ्याकडे पाठ करून. पंपांची ही जात या औषधालाही बाहेर काढत असेल काय? माहीत असले तरी आज लिहू नकोस.

बाबा


सौंसर,
गुरुवार, दि. ४ सप्टेंबर

चि. डिंपल,

ताप दोन दिवसांपासून शंभराच्या आत आहे. आज सकाळी ९८.८. रक्तदाब ११० वर ७०. प्लेटलेट्स एक लाख बेचाळीस हजार. लघवी पुरेशी होते. काल तिने अर्धी भाकर आणि वरण खाल्ले आणि वरणात मीठ कमी असल्याचे मामीला सांगितले, यावरून मामी आत जाऊन रडली.

रक्ताच्या कल्चरचा अहवाल सोबत जोडतो. ई. कोलाय उगवला. सोळा औषधांपैकी अकरांपुढे ‘आर’ आहे, म्हणजे ती चालत नाहीत. सिप्रो त्यांत पहिले. मॅडम म्हणाल्या की सगळ्या अकरांचे कारण पंपच असेल असे नाही, जंतूंकडे इतरही युक्त्या असतात. तू पाहून सांग. चौदा दिवसांची इंजेक्शने ठरली आहेत, उरलेली पांढुर्ण्याला घरी घेता येतील. महालक्ष्म्या मामाकडे बसल्या आणि परवा गेल्याही. पांढुर्ण्याहून मागवलेले मुखवटे खालच्या खोक्यातच होते.

प्रवीणला मी सर्व सांगितले आहे. तो दोन दिवस नीट बोलला नाही, आता बोलतो. संघटनेच्या सचिवपदाचा राजीनामा लिहून ठेवला आहे. कारण काय द्यावे हे ठरत नव्हते, ते खरे दिले. मोरेश्वरचा चहा कालपासून पुन्हा सुरू झाला आहे, मात्र साखर नाही. विसरला की मुद्दाम, ते मी विचारलेले नाही.

तू उद्या दुपारी येतेस, म्हणून हे आज लिहितो. समोरासमोर मला हे सांगता येणार नाही.

काल संध्याकाळी मी तुझ्या आईला सगळे सांगायला बसलो. मी डॉक्टरांपासून काय लपवले, किती दिवस, आणि त्यामुळे तिच्यावर काय आले. ती छताकडे पाहत ऐकत होती. मी मध्येच थांबलो तेव्हा म्हणाली, ‘मले मालूम हाय नं.’

‘तुला कोणी सांगितले?’

‘कोनी कायले सांगन? गोळी म्याच खाल्ली होती, सकाळी. बाईनं मले बी इचारलं होतं, भरती केली त्याच दिवशी. तुम्ही भाईर फॉर्म भरून राहिले होते.’

‘मग तू काय सांगितलेस?’

‘नाई घेतलं काही म्हटलं.’

‘का?’

‘आता काहून म्हणजे? तुमचं दुकान, तुमची ते पाटी. बाईनं साऱ्या लोकाइसमोर तुमाले झापलं असतं, तं मले पाहवलं असतं का?’ तिने दम घेतला. ‘मंग वाटलं, तुम्ही सांगान. रोज वाटे, आज सांगते हे. तुम्ही थर्मामीटर पाहा, लिहून ठेवा, आन् मी तुमच्या तोंडाकडे पाहत राहो.’

ती पाहत होती, हे मला माहीत होते. मला वाटत होते, दुखण्यामुळे पाहते.

हे तुला कळवू नका, असे तिने मला बजावले आहे. कळवत आहे.

बाबा